पैदाशीचा कोंबडा वजनावर निवडायचा तर

आठवडी बाजारात कोंबडा पाय धरून हातात तोलतात आणि जड लागला की पैदाशीला ठेवतात. कापायला हा हिशेब ठीक आहे, पैदाशीला नाही. हातात लागणाऱ्या वजनात वय, खाद्य, ऊन, आजार आणि आनुवंशिकता असं सगळंच मिसळलेलं असतं, आणि पिल्लांत उतरते ती फक्त आनुवंशिकता. वजनातल्या फरकात तिचा वाटा कळपागणिक बदलतो. हिशेबासाठी ३० टक्के धरा. बाकीचा गोंधळ जितका कमी कराल तितकी निवड खरी.

म्हणून तुलना एकाच उबवणीतल्या पिल्लांची करायची. तीन-चार खुडूक कोंबड्या एकाच दिवशी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसवा, म्हणजे २१ दिवसांनी पिल्लं एकदम निघतील. सोलापुरात पिल्लं नोव्हेंबरात निघालेली बरी, कारण बारा आठवड्यांचं वजन फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी होतं. मार्चची पिल्लं मे महिन्यात चोच उघडून धापा टाकतात आणि खाणं सोडतात. त्यांची नोव्हेंबरच्या पिल्लांशी तुलना केली तर तुम्ही जनुक नव्हे, हवामान निवडता.

पहिल्याच दिवशी पंखात नंबरचा बिल्ला लावा. लहानपणी घातलेली पायातली कडी वाढत्या पायात रुतते. पहिल्या दिवसाचं वजन मात्र निवडीला वापरू नका. पिल्लू अंड्याच्या साधारण दोन-तृतीयांश वजनाचं निघतं. ४५ ग्रॅमच्या अंड्यातून ३० ग्रॅमचं. ते वजन आईच्या अंड्याचं आहे, पिल्लाच्या वाढीचं नाही.

वजन ८ आणि १२ आठवड्यांना, सकाळी दाणे टाकायच्या आधी करा. गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपून बघा. रात्रीची ज्वारी अजून तिथेच असेल तर काटा खोटं बोलतो. कापडी पिशवीत पक्षी डोक्याकडून घालायचा, अंधारात तो शांत राहतो. रिकाम्या पिशवीसह काटा आधी शून्यावर आणा. वहीत नंबर, नर की मादी, वजन, बाप कोण एवढं पुरे. नर आणि माद्या वेगळ्या यादीत लिहा, नाहीतर वरचे सगळे नरच निघतील.

समजा, १२ आठवड्यांना नरांची सरासरी ९०० ग्रॅम आहे आणि निवडलेल्यांची ११००. माद्यांची सरासरी ७५० आणि निवडलेल्यांची ८५०. फरक २०० आणि १००, त्याची सरासरी १५०. त्याचे ३० टक्के म्हणजे ४५ ग्रॅम. त्याच सांभाळात पुढच्या पिढीत एवढी वाढ अपेक्षित धरा. नर थोडेच लागतात, त्यामुळे तिथे कडक निवड परवडते. माद्यांत सर्वांत जड तेवढ्याच ठेवल्या तर अंडी घटू लागतात. वरच्या अर्ध्यातून अंड्यांकडे बघून घ्या.

एकच उत्तम कोंबडा सगळ्या कळपाला लावणं ही नेहमीची चूक. १ नर आणि १० माद्या असल्या तर एका पिढीत नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. ५ नर आणि २५ माद्या असल्या तर ३ टक्क्यांनी. परिणाम अंड्यांत आधी दिसतो: ती फळत नाहीत, फळली तरी पिल्लं आतच मरतात. बाप ओळखायचा असेल तर एका खुराड्यात एकच नर ठेवा, आणि नर बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नका. जुन्या नराचं वीर्य कोंबडीच्या अंगात दोन आठवड्यांहून जास्त टिकू शकतं.

दोन जनुकं मात्र डोळ्यांनी ओळखता येतात. पहिलं उघड्या मानेचं. आई-बापांपैकी एकाकडूनच आलेली एक प्रत असली तर मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुपका राहतो, दोन असल्या तर मान जवळपास पूर्ण उघडी. पिसं कमी असल्याने अंगातली उष्णता बाहेर पडते आणि उन्हात वाढ कमी खुंटते. सोलापूरच्या मे महिन्यासाठी हा नर मुद्दाम ठेवावा. दोन झुपकेवाले जुळवले तर सरासरी चौथा हिस्सा पिल्लं साध्या मानेची निघतात, घाबरू नका.

दुसरं खुजेपणाचं. हे वाढीच्या संप्रेरकाच्या ग्राहीचं, म्हणजे त्या संप्रेरकाचा निरोप पेशीत घेणाऱ्या रेणूचं जनुक. ते नर-मादी ठरवणाऱ्या लिंगगुणसूत्रावर असतं. मादीकडे त्या गुणसूत्राची एकच प्रत, आणि तीही बापाकडून आलेली. म्हणून एका कोंबड्याच्या साधारण निम्म्या मुली आखूड पायाच्या आणि हलक्या निघाल्या तर दोष त्या बापाचा, तो स्वतः कितीही थोराड दिसो. काढून टाका.

वनराजसारख्या संकराची पैदास घरी करू नका. दोन वेगळ्या वंशांच्या संकराचा जोम पुढच्या पिढीत विरतो आणि पिल्लं एकसारखी निघत नाहीत. दरवेळी नवी पिल्लं आणणंच स्वस्त पडतं.

प्रयोगशाळेतली डीएनए चाचणी छोट्या कळपाला सध्या लागत नाही. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत डीएनए असलेलं केंद्रक असल्याने पंखाच्या शिरेतले रक्ताचे काही थेंब पुरतात, नमुना अवघड नाही. पण वजन अनेक जनुकं मिळून ठरवतात आणि एकेकाचा परिणाम बारीक असतो. पन्नास पक्ष्यांत डीएनएतल्या एखाद्या खुणेचा वजनाशी संबंध दिसला तर तो बहुतेक वेळा योगायोग असतो. चाचणीचे पैसे आधी चांगल्या काट्यात आणि बिल्ल्यांत घाला.