स्क्रीनसेव्हरने लाइन (वीज) वाचत नाही : मॉनिटरच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

नागपुरात सीताबर्डीतलं झेरॉक्सचं दुकान घ्या, धरमपेठेतलं सीएचं ऑफिस घ्या, नाहीतर महालातलं एखादं डीटीपी सेंटर. दुपारी डबा खायच्या वेळी आत डोकावलं तर खुर्च्या रिकाम्या आणि चार-पाच मॉनिटरवर रंगीत बुडबुडे मजेत फिरताना दिसतात. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: “स्क्रीनसेव्हर लावून ठेवला ना भाऊ, लाइन वाचून राहिली.”

वाचत नाही.

स्क्रीनसेव्हर आला तो जुन्या, अवाढव्य सीआरटी मॉनिटरसाठी. त्यांच्या काचेला आतून उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर असायचा. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की तेवढ्या जागचा फॉस्फर झिजायचा आणि मॉनिटर बंद केल्यावरही अक्षरांचा पुसट ठसा दिसायचा. १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला पहिलावहिला स्क्रीनसेव्हर काही मिनिटं कळ दाबली नाही की पडदा सरळ काळा करून टाकायचा, बस. उडते टोस्टर, वळणारे पाइप, पोहणारे मासे ही हौस नंतरची.

आजच्या एलसीडी मॉनिटरमध्ये मागे दिवा असतो आणि पुढचे पिक्सेल त्याचा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. खिडकीला पडदा ओढला म्हणून खोलीतला दिवा विझत नाही, तसंच इथे. काळा स्क्रीनसेव्हर लावला तरी मागचा दिवा जळतच असतो, आणि थ्रीडी नक्षीवाला लावला तर ग्राफिक्स चिपही फुकट कामाला लागते. अपवाद ओएलईडी पडद्याचा. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळ्या रंगाला वीज जवळपास लागत नाही आणि टास्कबारसारख्या हलत नसलेल्या चित्राचा ठसा उमटायची भीतीही खरी असते. पण अशा लॅपटॉपलाही पडदा दोन-तीन मिनिटांत बंद होऊ देणंच उत्तम.

आता हिशेब. साधारण २२ इंची एलईडी मॉनिटर (म्हणजे मागे एलईडी दिवा असलेला एलसीडीच) २० वॉटच्या आसपास खातो. एका मॉनिटरचं एका जेवणाच्या सुट्टीचं म्हणाल तर किरकोळ आहे, कूलर-एसीपुढे कुठेच नाही. पण संध्याकाळी ८ ते सकाळी १० असे १० मॉनिटर बुडबुडे दाखवत राहिले, तर रात्रीचे २.८ युनिट होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७० युनिट. तेच मॉनिटर स्टँडबायला गेले तर प्रत्येकी जेमतेम अर्धा वॉट.

काळा पडदा म्हणजे कुलूप नव्हे

गोंधळाचं मूळ एकच: स्क्रीनसेव्हर, डिस्प्ले बंद होणं, स्लीप आणि लॉक या चार वेगळ्या गोष्टी आहेत, पण सगळ्यांत पडदाच काळा होत असल्यामुळे लोक त्या एकच समजतात.

पासवर्ड विचारण्याची खूण विंडोजमध्ये स्क्रीनसेव्हरच्या चौकटीत असते. समजा डिस्प्ले ५ मिनिटांनी बंद होतो आणि स्क्रीनसेव्हर १५ मिनिटांवर आहे. तुम्ही उठलात, दहाव्या मिनिटाला कुणीतरी येऊन माउस हलवला. पडदा काळा होता, पण स्क्रीनसेव्हरची वेळ झालेली नव्हती, म्हणून पासवर्ड न विचारता अशिलाचं रिटर्न समोर उघडं! उपाय सोपा. स्क्रीनसेव्हर ‘ब्लँक’ निवडा, पासवर्डची खूण करा, वेळ ५ मिनिटं द्या आणि डिस्प्ले बंद व्हायची वेळ त्याहून थोडी जास्त ठेवा. तरीही सर्वांत खात्रीचं म्हणजे उठताना विंडोजची कळ आणि एल दाबणं.

डेस्कटॉप, स्लीप आणि गेलेली लाइन

डिस्प्ले बंद झाला तर मशीनचं काम आत चालूच असतं. डाउनलोड होतं, बॅकअप होतो. स्लीपमध्ये सगळं थांबतं आणि उघडलेल्या फाइली फक्त रॅममध्ये जिवंत राहतात, त्याही वीज असेपर्यंत. मे महिन्यात वादळ-वावधान सुटलं, लाइन गेली, यूपीएसने मान टाकली, की न सेव्ह केलेलं सगळं गेलं. हायबरनेटमध्ये तेच सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, म्हणून उशीर लागला तरी काम शाबूत राहतं. बऱ्याच डेस्कटॉपवर ‘हायब्रिड स्लीप’ असा पर्याय पॉवर ऑप्शन्समध्ये सापडतो. तो दोन्ही करतो. दिसला तर चालू ठेवा.

लॅपटॉपवाल्यांनी वेगळी काळजी घ्यावी. झाकण मिटलं की लॅपटॉप ‘झोपतो’, पण नव्या मशीन झोपेतही अधूनमधून जागं होऊन नेटवर कामं उरकतात. असा लॅपटॉप भर उन्हात, पारा ४५ वर असताना स्कूटीच्या डिक्कीत टाकू नका. प्रवासाला निघताना हायबरनेट करा किंवा सरळ शट डाउन.

“पडदा बंदच नाही होऊन राहिला”

उन्हाळ्यात ही तक्रार नागपुरात जास्त येते, आणि गुन्हेगार बऱ्याचदा कूलर निघतो. टेबल कूलरला टेकलेलं असतं, पंख्याच्या थरथरीने माउस केसभर हलतो आणि विंडोजला वाटतं माणूस बसलाय. काचेच्या टेबलावर पॅडशिवाय ठेवलेला ऑप्टिकल माउस तर न हलताही बाण सरकवतो. पडताळून पाहायला माउस काढून ठेवा आणि ठरलेली वेळ जाऊ द्या. पडदा बंद झाला तर दोष कळला: टेबल सरकवा, पॅड घ्या. मशीन स्लीपमधून आपोआप उठत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या माउसला मशीन जागं करायची दिलेली परवानगी काढून टाका. कीबोर्डची राहू द्या, नाहीतर तुम्हीच उठवणार कसं?

माउस निर्दोष असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘powercfg /requests’ असं टाइप करा. पडदा कोण जागा ठेवतोय ते ‘डिस्प्ले’ या शब्दाखाली नावानिशी दिसतं. बहुतेक वेळा ब्राउझरच्या कुठल्या तरी टॅबमध्ये व्हिडिओ सुरू असतो. पोरांनी लावून ठेवलेलं गेमचं कंट्रोलरही हाच त्रास देतं.

उलट तक्रार म्हणजे पडदा उठतच नाही. सरळ बटण दाबून मशीन मारू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन शुद्धीवर आहे. मॉनिटरचा इनपुट भलत्याच केबलवर गेलाय का ते पाहा, मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा पडदा तिथल्या तिथे परततो, फाइलही वाचते. दिवा ढिम्म राहिला तरच पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, आणि नंतर ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करून घ्या.

फुकटच्या स्क्रीनसेव्हरबद्दल एवढंच: स्क्रीनसेव्हरची फाइल चित्र नसते, तो अख्खा प्रोग्राम असतो. अनोळखी साइटवरचा फिशटँक उघडणं म्हणजे अनोळखी प्रोग्राम चालवणं.

आणि मिहानमधल्या कंपनीच्या लॅपटॉपवर हे पर्याय करडे दिसत असतील, हातच लावू देत नसतील, तर ते बिघडलेले नाहीत. आयटीवाल्यांनी धोरण म्हणून वेळ ठरवून दिलेली असते. माउस हलवत ठेवणारी उपकरणं घेऊन त्यावर मात करायच्या भानगडीत पडू नका. प्रेझेंटेशन मध्येच काळं होतंय असं कारण देऊन वेळ वाढवून मागा.