विलमध्ये कोणाला काय द्यायचं ते नीट कसं लिहायचं

विल म्हणजे मृत्युपत्र करताना सगळे कोणाला द्यायचं याचाच विचार करतात, पण ते कसं लिहिलंय यावर ती गोष्ट त्या माणसाच्या हातात पडणार की नाही हे ठरतं. म्हणून आधी आपल्याकडे काय काय आहे आणि देणी किती आहेत ते कागदावर उतरवा, मग प्रत्येक देणगी, म्हणजे विलमधून कोणाला द्यायची गोष्ट, कुठल्या प्रकारात बसते ते बघा.

पहिला प्रकार ठरावीक वस्तूचा. अमुक घर मुलीला, अमुक खात्यातले पैसे भावाला. यात धोका असा की तुमचा मृत्यू होताना ती वस्तू तुमच्या नावावर नसेल तर देणगी संपली. समजा घर विकून पैसे एफडीत टाकले आणि विल जुनंच राहिलं, तर मुलीला सहसा त्या एफडीवर घराच्या बदल्यात हक्क सांगता येत नाही. भारतात 1925 च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम 152 मध्ये हेच आहे, आणि इंग्लिश कायद्याच्या वळणाने जाणाऱ्या इतर देशांतही साधारण हाच नियम. त्यामुळे काही मोठं विकलं की विल काढून बघाच.

दुसरा प्रकार म्हणजे नुसती रक्कम, पुतण्याला पाच लाख द्यावेत असं. कुठून द्यायचे ते सांगितलेलं नाही, एक्झिक्युटर, म्हणजे विलप्रमाणे वाटप करणारा माणूस, मालमत्तेतून देतो.

तिसरा या दोघांच्या मधला आणि मला पैशांसाठी सगळ्यात बरा वाटतो: पाच लाख द्यावेत, आधी अमुक खात्यातून. खातं रिकामं निघालं तरी देणगी बुडत नाही, बाकीच्या मालमत्तेतून भरून देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक हमखास विसरतात. वरचं सगळं वाटून जे उरेल ते कोणाला, हे एक वाक्य लिहाच लिहा. विल केल्यानंतर घेतलेली जमीन, विसरलेलं खातं, ज्याला द्यायचं तो आधीच गेल्यामुळे रद्द झालेली देणगी, हे सगळं या उरलेल्यात येतं, आणि ते वाक्यच नसेल तर तेवढ्या भागापुरतं विल नसल्यासारखं होऊन तो वारसा कायद्याने वाटला जातो, तुमच्या मनात कोण होतं ते कोणी विचारत नाही.

पण हेही लक्षात घ्या की कर्ज आधी फेडलं जातं आणि त्याची झळ साधारणपणे पहिल्यांदा या उरलेल्या भागाला बसते, मग नुसत्या रकमांना, आणि ठरावीक वस्तूंना शेवटी. म्हणजे बायकोला "उरलेलं सगळं" लिहिलं आणि कर्ज मोठं निघालं तर बाकीच्यांना मिळेल आणि तिलाच कमी पडेल, तिच्यासाठी घर किंवा जे हवं ते नाव घेऊन लिहा.

प्रत्येक नावापुढे पर्यायी नावही घाला. तुमचा मुलगाच आधी गेला आणि त्याला मुलं असली तर भारतात त्याच कायद्याच्या कलम 109 मुळे देणगी सहसा वाचते, पण मित्राला किंवा भाच्याला लिहिलेलं असेल तर ते वाचत नाही.

विलवर सही करणारे साक्षीदार मात्र ज्यांना विलमधून काहीच मिळत नाही असेच घ्या, नवरा-बायकोपैकी एकाला मिळणार असेल तर दुसऱ्याची सहीसुद्धा नको. इंग्लंडमध्ये 1837 च्या विल कायद्यानुसार अशी देणगी रद्द होते. भारतात हा नियम सगळ्यांना सारखा लागू नाही, तरी कोर्टात भांडण नको असेल तर तिऱ्हाईत माणसं बघा.