धरणफोडीच्या रात्रीच्या कुत्र्याची गोष्ट मुलांना कशी सांगावी

नागपुरात प्रतापनगरच्या एका वाचनालयात मी रविवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतली धरणं फोडायला गेलेले ब्रिटिश वैमानिक गाय गिब्सन, त्यांच्या काळ्या लॅब्रॅडॉरची गोष्ट सांगणार असाल तर एवढं आधीच ठरवून घ्या, की गोष्ट कुत्र्याची आहे. पोट्टे धरणं फोडणाऱ्या, पाण्यावर उसळ्या मारत जाणाऱ्या बॉम्बकडे धावतात. त्यांना जरा थांबवा.

सुरुवात साध्या दिवसापासून करा. इंग्लंडात लिंकनशायरमधला स्कॅम्प्टनचा हवाई तळ. मालक २४ वर्षांचे विंग कमांडर, ६१७ स्क्वाड्रनचे प्रमुख. कुत्रा मेसमध्ये बिअर प्यायचा, कधी मालकासोबत विमानातही बसायचा. बाहेर जायचं झालं की मालकाच्या खोलीचं दार नखांनी खरवडायचा. हे दार फळ्यावर काढा, ओरखड्यांसकट, आणि पुसू नका.

कुत्र्याचं नाव विचारतीलच. ती काळ्या माणसांना हिणवणारी शिवी होती. मी ती उच्चारत नाही, पण टाळाटाळही करत नाही. जातीवरून हाक मारली की काय वाटतं, हे आपल्या नागपूरच्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. २०२० मध्ये थडग्यावरचा दगड बदलून ते नाव काढलं, हेही सांगा.

मग मे १९४३. मोहिमेच्या अगदी तोंडावर तळाबाहेर गाडीनं त्याला उडवलं. इथे आवाज कातर करायची गरज नाही, सरळ सांगा. गिब्सन एकटे खोलीत बसून दारावरचे ते ओरखडे बघत होते. आता फळ्याकडे बोट दाखवा आणि क्षणभर गप्प राहा. १६ तारखेच्या रात्री ते जर्मनीकडे उडाले. त्याला मध्यरात्रीच्या सुमारास पुरा, असं ते सांगून गेले होते.

त्या वेळी मालक काय करत होते, हे टॉर्चनं दाखवा. पडदे ओढा. दोन मुलांच्या हाती एकेक टॉर्च द्या आणि झोत जमिनीवर तिरपे सोडायला लावा. टॉर्च खालीवर केले की एका ठराविक उंचीवर दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटतात. विमानं पाण्यापासून ६० फुटांवर ठेवायला हीच युक्ती होती. म्योने धरण फुटलं आणि रेडिओवरून खुणेचा शब्द गेला. तो शब्द म्हणजे या कुत्र्याचंच नाव.

पुढचं गाळू नका. १९ विमानांपैकी ८ परतली नाहीत, ५३ जण गेले. पुरात हजाराहून जास्त माणसं बुडाली, त्यांत सक्तीनं मजुरीला आणलेले परदेशी कितीतरी. एका कुत्र्यासाठी डोळे भरून आले असतील, तर ही माणसंही मुलांना कळायलाच हवीत.

"त्याले आधीच समजलं होतं का जी?" असं कोणीतरी विचारतंच. स्पष्ट नाही म्हणा. अपशकुन, भूतबित काही जोडू नका. तो रस्त्यावर गेला आणि गाडी आली, एवढंच.

वायुसेनानगरची मुलं असतील तर आईबाबा सध्या कुठे पोस्टिंगला आहेत, हे गोष्टीआधी हळूच विचारून घ्या. कोणाचे दूर सीमेवर असतील तर आकडे त्या दिवशी राहू द्या, ते मोठ्या मुलांना नंतर सांगता येतात. आणि शेवटी भरपूर वेळ मोकळा ठेवा, कारण प्रत्येकाला आपापल्या कुत्र्याबद्दल सांगायचं असतं.