जुनी स्पोर्ट्स कार घेताय? या चुका टाळा

विदर्भातील जिनिंगवाल्यांच्या आणि जुन्या मालगुजारांच्या वाड्यांतून आजही एखादी स्टँडर्ड हेराल्ड निघते, क्वचित एमजी किंवा ट्रायम्फ स्पिटफायरसारखी ब्रिटिश स्पोर्ट्स कारही निघते, आणि बातमी कळताच आसपासच्या तालुक्यांतील हौशी मंडळी इसाराचे पैसे घेऊन धावतात. गाडी भंगारात जाण्यापेक्षा हौशी माणसाच्या हाती जाणे केव्हाही चांगले. मात्र गाडीखाली न शिरता, नुसता रंग पाहून आणि इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करणारे इतके भेटतात की, आता हे लिहिणे भाग आहे.

ताज्या रंगावर भाळणे ही पहिली चूक. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यानंतरही कित्येक आठवडे ओल धरून ठेवते आणि कोठ्यात मातीवर उभी असलेली गाडी खालूनच सडत जाते. हेराल्डला स्वतंत्र चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, असून तिची बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते. स्पिटफायरही मुळात त्याच घडणीची. त्यामुळे वरचा पत्रा चकाकत असला, तरी चॅसिसच्या बाजूला निघणारे, बॉडीला आधार देणारे हात कुजलेले असू शकतात. मी चुंबक आणि जाड पेचकस घेतल्याशिवाय गाडी पाहायला जात नाही. चुंबक चिकटत नाही तेथे लांबी (पुट्टी) भरलेली असते, आणि चॅसिसवर पेचकस दाबल्यावर पत्रा खचला तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. मालक पेचकस लावू देत नसेल, तर मी त्या गाडीची किंमतही विचारत नाही.

दुसरी चूक याहून गंभीर आहे, ती म्हणजे घेतलेली गाडी त्याच दिवशी चालवत घरी आणणे. दर्यापूरकडच्या एका वाड्यातून एका तरुणाने मध्यस्थामार्फत हेराल्ड घेतली, तेव्हा मी तेथे होतो. मध्यस्थ सारखा सांगत होता, “पायना भाऊ, एका सेल्फात चालू होऊन रायली.” गाडी जॅकवर चढवून पुढची चाके तपासू, अन्यथा ट्रॉलीवर घालून नेऊ, असे मी सुचवले, परंतु त्या तरुणाला दिवेलागणीच्या आत गावात मिरवत पोहोचायचे होते. वाटेत एका वळणावर पुढचे डावे चाक आतल्या बाजूला दुमडले आणि गाडी नाक घासत थांबली. वेग कमी होता म्हणून कोणाला इजा झाली नाही.

हेराल्ड आणि स्पिटफायरमध्ये पुढच्या चाकाच्या उभ्या दांड्याचे खालचे टोक ट्रुनियन नावाच्या पितळी भागात आट्यांवर फिरते. तेथे ईपी ९० गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस भरले की ते वाळून घट्ट होते, आट्यांपर्यंत पोहोचत नाही, पाणी शिरते, गंज धरतो आणि दांडा हळूहळू चिरत जातो. त्या गाडीतील तुटलेला दांडा हातात घेतल्यावर सारे दिसत होते: तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग जुन्या चिरेमुळे तांबूस-काळा पडला होता, उरलेला नुकताच तुटल्यामुळे चकाकत होता. विकण्यापूर्वी कोणी तरी ग्रीसगन चालवून काम उरकले होते. असे झटपट उपाय मला मुळीच मान्य नाहीत, कारण त्यांची किंमत चालवणारा मोजतो. ट्रुनियन उघडून, आटे पाहून, ऑइल भरल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नये.

इंजिन बंद असताना एकाला क्लच दाबायला सांगून क्रँकच्या पुलीकडे पाहावे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असेल, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेले आहेत आणि तशीच गाडी चालवल्यास इंजिनाचा ब्लॉक निकामी होऊ शकतो.

सकाळच्या गारव्यात फेरी मारून समाधान मानू नये. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना भर दुपारी चालवून इंजिन तापते का ते पाहावे. एमजीच्या टी मालिकेतील बॉडीला आतून लाकडी सांगाडा असतो, म्हणून दाराच्या खांबांवर टिचकी मारून वाळवी तपासावी. तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक असले, तरी बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची असतात. नेहमीच्या पान्याने ती झिजवणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नये.

कागदांच्या बाबतीत उतावीळपणा महागात पडतो. आरसी बहुधा दिवंगत आजोबांच्या नावावर असते आणि विकणारा नातू चार वारसांपैकी एक असतो. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी, इतर वारसांची लेखी संमती घ्यावी, मगच विक्रीनंतरच्या मालकीबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० कडे वळावे. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, तिचे शुल्क २०,००० रुपये आहे. परंतु त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय इंजिन, चॅसिस किंवा बॉडीत मोठा फेरफार केलेला चालत नाही, त्यामुळे डिझेल इंजिन बसवलेली हेराल्ड स्वस्त मिळाली तरी या नोंदणीसाठी घेऊ नये.

गाडी घरी आल्यावर पेट्रोलच्या सर्व जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतील इंधनपंपाचा पडदा बदलावा, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात टिकत नाही. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून गाडी सिमेंटच्या कोब्यावर ठेवावी.