मुलांचं वजन आणि घरातली अन्नटंचाई: या चुका टाळा

वयात आलेल्या मुलांच्या वजनाची तक्रार घेऊन लोक येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दिवसाला किती कॅलरी द्यायच्या?" मी बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, आता हा प्रश्न आला की मी पेन खाली ठेवते. आधी सांगा, घरात खायला पुरतं का? महिनाभर पुरतं का? सगळ्यांना पुरतं का? हे न विचारता पुढे गेलात तर पुढचं सगळंच चुकतं.

भुकेला शिस्त समजू नका

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून आधी हीच सांगते. 15 वर्षांचा मुलगा, वजन वाढतंय म्हणून शाळेने पाठवलेला. मी डाएट चार्ट दिला, मधलं खाणं बंद केलं. महिन्याच्या शेवटी आला तर वजन उतरलेलं, मी त्याचं भरभरून कौतुक केलं. पुढची तारीख पडली दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली, तेव्हा वजन परत वर, रात्री उठून खातोय म्हणाला, आणि मी त्याला मनाचा निश्चय वगैरेवर लेक्चर दिलं. असं तीन वेळा झालं. मग एकदा त्याची आई सोबत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, शेवटच्या आठवड्यात आम्ही एकदाच जेवतो, हा तर तेही धाकटीला देतो." म्हणजे मी वजन मोजतच नव्हते, पगाराची तारीख मोजत होते. पोरगं उपाशी होतं तेव्हा मी शाबासकी दिली आणि पोटभर मिळालं तेव्हा ओरडले. तो दिवस मी विसरलेले नाही.

यात त्याचा काही दोष नव्हता. शरीराला टंचाई कळते, ती पैशाच्या अडचणीने आलीय की डाएटने हे कळत नाही. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला होता. त्या मुलांच्या डोक्यात दिवसरात्र फक्त अन्न, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, आणि बंधन उठल्यावर काही जण अफाट खायचे आणि तरी भूक आहे म्हणायचे. त्यांना आधी कसलाही आजार नव्हता. मग ज्या मुलाच्या घरात दर महिन्याला हाच प्रयोग चालू आहे त्याने पहिल्या आठवड्यात हावरटासारखं खाल्लं तर त्याला इच्छाशक्ती नाही म्हणणार का?

माझी सवय आता अशी: फाइलच्या कोपऱ्यात घरात पैसे कधी येतात ते लिहून ठेवते आणि वजन बघायचंच असेल तर दर वेळी महिन्यातल्या त्याच सुमारास बघते. आणि टंचाई असेल तर चार्ट नाही, आधी धान्याची मदत, शाळेतलं जेवण, जे मिळेल ते जोडून द्यायचं. मग थोडं असलं तरी चालेल पण रोज ठरलेल्या वेळी, तीन-चार तासांनी काहीतरी पोटात. लोकांना हे फार साधं वाटतं, त्यांना महिन्यात पाच किलो कमी झालेले हवे असतात. तेवढी घाई असेल तर कृपया मुलांच्या वाटेला जाऊ नका.

आईवडिलांसमोर विचारू नका

मुलं खोटं बोलतात, आणि घरच्यांना लाज वाटू नये म्हणून बोलतात. "भूक नाही", "मित्राकडे खाल्लं", "मला नाश्ता आवडत नाही", ही वाक्यं मी आता वेगळ्या कानाने ऐकते. मुलाला एकट्याला भेटा, आधी सांगा की खूप घरांत असं होतं, मग दोनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरात पैसे यायच्या आधी घरातलं खाणं संपेल अशी काळजी वाटली का? आणि खरंच कधी संपलं का, परत आणायला पैसे नव्हते असं झालं का? मोठ्यांना पण हेच, पण वेगळं विचारा, कारण बऱ्याचदा आई स्वतः न जेवता मुलांना वाढत असते आणि मुलांना वाटतं तिला भूकच नसते.

लपवलेलं खाणं जप्त करू नका. दप्तरात, गादीखाली बिस्किटं सापडली की घरचे चिडतात. ते त्याचं उद्याचं जेवण आहे. काढून घेतलंत की तो जास्त लपवेल आणि जास्त भराभर खाईल.

खाण्याचे विकार म्हणजे श्रीमंत घरच्या बारीक मुलींचा आजार, हे डोक्यातून काढा. 2017 साली टेक्सासमध्ये फूड बँकेत (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात) येणाऱ्या 500 हून जास्त मोठ्या माणसांचा अभ्यास छापून आला. टंचाई जितकी तीव्र तितकं बिंज, म्हणजे ताबा सुटून एकदम खूप खाणं, जास्त, शिवाय उलटी काढणं वगैरे प्रकारही जास्त. मुलग्यांनाही होतं, आणि वजन जास्त असलेलं मूलही आतून उपासमारीने आजारी असू शकतं.

टंचाई म्हणजे जाडेपणा असं सरळ गणितही मांडू नका. मोठ्या बायकांमध्ये हा संबंध बऱ्यापैकी दिसतो, मुलांमध्ये निकाल उलटसुलट आहेत. काही मुलं वाळतात, काहींचं वजन तेवढंच राहतं आणि खाण्याशी नातं मात्र पार बिघडलेलं असतं.

चक्कर, पाळी बंद, मुद्दाम उलट्या, नाडी मंद यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय नको, डॉक्टर गाठा. बरेच दिवस जवळजवळ न खाल्लेल्या मुलाला एकदम पोटभर खाऊ घालणं पण धोक्याचं असतं, रक्तातलं फॉस्फरस खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

आणि प्रगती किलोत मोजू नका. सुरुवातीला सांगितलेल्या त्या 15 वर्षांच्या मुलाचं वजन सहा महिन्यांनी जवळपास तेवढंच होतं, उंची मात्र वाढली होती. रात्री उठून खाणं रोजचं होतं ते आठवड्यातून एकदावर आलं होतं, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो आणि धाकटी दोघंही जेवत होते.