हिवतापाचा नकाशा वाचताना या चुका टाळा

गडचिरोलीसारख्या जिल्ह्याचा गावनिहाय हिवताप-नकाशा काढला की सर्वांत गडद लाल ठिपके बहुधा लहान टोल्यांवर (पाड्यांवर) उमटतात, आणि तिथेच उद्रेक झाला असे मानण्याची घाई होते. ८० वस्तीच्या टोल्यात २ रुग्ण सापडले तर दर हजारी २५ होतो. ४,००० वस्तीच्या गावात ४० रुग्ण असूनही तो १० च राहतो. खरा दर सगळीकडे हजारी १० आहे असे धरले, तरी अशा पाच टोल्यांपैकी सुमारे एकात निव्वळ योगायोगाने २ किंवा अधिक रुग्ण निघतील. त्यामुळे कच्च्या दरावर रंग भरू नयेत. एम्पिरिकल बेझ या सांख्यिकी पद्धतीने शेजारच्या गावांचा आधार घेऊन लहान वस्त्यांचे दर स्थिर करावेत आणि शेजारीच वस्ती व रुग्णसंख्याही छापावी. मात्र हा आधार फार मोठ्या परिसरातून घेतला, तर खरा उद्रेकही त्यात पुसला जातो.

नकाशावर पांढऱ्या, म्हणजे शून्य रुग्णांच्या, गावांबाबत तर अधिकच सावध राहावे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांच्या संगमावरील भामरागड परिसरात पावसाळ्यात गावांचा संपर्क तुटतो; नेमक्या हिवतापाच्या दिवसांत तिथले रक्तनमुने तपासणीला पोहोचले नाहीत, तर नकाशावर शून्य दिसते. ते शून्य रोगाचे नसून तपासणीचे असते. किती रक्तनमुने तपासले हा आकडा प्रत्येक गावासमोर नसेल, तर मला तो नकाशा निर्णयासाठी वापरण्याजोगा वाटत नाही.

शेजारच्या गावांचे दर एकमेकांसारखे आहेत का हे मोजणारा मोरान निर्देशांक अनाकलनीय आला, तर आधी गावांची स्थाने कोणत्या सहनिर्देशक-प्रणालीत आहेत ते तपासावे. गावांची स्थाने अक्षांश-रेखांशात ठेवून शेजाराचे अंतर म्हणून २ किलोमीटरच्या हेतूने नुसते २ लिहिले, तर काही सॉफ्टवेअर ते २ अंश समजते, म्हणजे दोनशे किलोमीटरहून अधिक, आणि जवळपास अवघा जिल्हाच एकमेकांचा शेजारी ठरतो. त्याऐवजी स्थाने मीटरमध्ये देणारी यूटीएम ही नकाशा-प्रणाली वापरावी आणि गडचिरोलीसाठी तिचा विभाग ४४ घ्यावा. पुण्याच्या कामातील ४३ तसाच उचलू नये.

रुग्ण उपचार घेतो त्या दवाखान्याच्या जागी त्याची नोंद लावली, तर तालुक्याचे ठिकाणच रोगाचे केंद्र भासते. नोंद राहत्या गावाची हवी, आणि रुग्ण रात्री शेतावर किंवा जंगलात मुक्कामी होता का, हेही आशा कार्यकर्तीकडून विचारून घ्यावे. छत्तीसगडच्या सीमेवरील गावांचे निम्मे शेजारी आपल्या तक्त्यात नसतातच. पलीकडची आकडेवारी मिळेपर्यंत त्या पट्ट्यातील निष्कर्ष नकाशावर वेगळ्या रेषांनी दाखवावेत.