समुद्राकाठी काचेचा दरवाजा बसवताय? या चुका टाळा

गुहागरच्या आमच्या घराला पडवीकडे काचेचा सरकता दरवाजा बसवला तो जानेवारीत. येणारा-जाणारा कौतुक करून जायचा. जूनमध्ये पहिली झड आली आणि सोफ्याखाली पाणी! दरवाजा बनवून देणारा फॅब्रिकेटर आला, फटी बुजवायचं सिलिकॉन मारून गेला. दुसऱ्या दिवशी पाणी दुप्पट.

झालं असं होतं की सरकत्या दरवाजाच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने बारीक फटी ठेवलेल्या असतात. वाऱ्याबरोबर ट्रॅकमध्ये पाणी शिरणारच, ते या फटींतून बाहेर पडावं म्हणून. या पठ्ठ्याने नेमक्या त्याच बुजवल्या. तुमच्याकडे पाणी येत असेल तर सिलिकॉनची नळी हातात घेण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठून निघतं ते बघा. बाहेर आलं नाही, तर फटीत वाळू-केर अडकलाय, कोणीतरी फट बुजवलीय, नाहीतर बाहेरची फरशी ट्रॅकपेक्षा वर आलीय. शेवटचं कारण असेल तर फोडकामाला पर्याय नाही. हॉल आणि पडवी एका पातळीत दिसावी या हौसेपायी उंबरा काढून टाकतात, तिथेच ही गोची होते. उंबरा ठेवा आणि बाहेरच्या फरशीला अंगणाकडे उतार द्या.

दुसरी चूक म्हणजे दरवाजा हिवाळ्यातल्या उन्हात निवडणं. सरकत्या दरवाजाच्या पाखांना बहुधा ब्रशसारखी पट्टी असते. ती धूळ अडवते, पश्चिमेचा आडवा पाऊस नाही. फ्रेंच डोअर म्हणजे बिजागरीवर उघडणारा दोन झडपांचा काचेचा दरवाजा. त्याची दोन्ही झडपं रबरी गास्केटवर (कडेच्या रबराच्या पट्टीवर) दाबून बसतात, म्हणून समुद्राकडच्या उघड्या भिंतीला मी तेच घेईन. पण झडपं बाहेर उघडणारी हवीत. वारा मग त्यांना चौकटीवरच दाबतो. आत उघडणारी असली तर गास्केटपासून लांब ढकलतो. मधोमध एकच कडी पुरत नाही, वर-खाली दोन्हीकडे अडकणारं लॉक घ्या. आणि उघडं झडप भिंतीला अडकवायला हूक लावायला विसरू नका, एका झोतात बिजागरी निखळते.

खाऱ्या हवेत फ्रेमच्या आधी मरतात ते स्क्रू. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला साधे लोखंडी स्क्रू मारले की पहिल्याच पावसाळ्यानंतर तांबडे ओघळ. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ ग्रेडवर चहासारखे डाग पडतात; ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त टिकतं. चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, तेव्हा बिलावरच लिहून घ्या. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची फ्रेम, गंजत नाही हे खरं, पण त्याच्या पोटातली पट्टी, बिजागऱ्या आणि रोलर धातूचेच. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर परत करा. ते धातूला खातं आणि सिमेंटला नीट धरत नाही, न्यूट्रल मागा.

मापं गिलाव्यानंतरच. चिऱ्याची भिंत ओळंब्यात असेलच असं नाही, म्हणून दोन्ही कर्णही मोजा. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच, भट्टीतून आल्यावर कापता येत नाही. अर्धा इंच चुकला की काच नवी. टफन असल्याचा शिक्का कोपऱ्यात बघून घ्या.

३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलेलं 'निसर्ग' चक्रीवादळ आठवतं? अशा वाऱ्यात काही येऊन आदळलं तर टफन काच फुटून तिचे खडे होतात आणि घर सताड उघडं पडतं. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, ती तडकली तरी त्या पडद्याला धरून राहते. महाग आहे, पण पश्चिमेकडे मी तीच लावीन.

रोलरला खोबरेल किंवा कसलंही तेल घालू नका, वाळू चिकटते. महिन्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने ट्रॅक आणि फ्रेम धुवा. आम्ही आता मृगाआधी पडवीला पूर्वीसारखी झावळ्यांची झापंही बांधतो. चार महिने समुद्र दिसत नाही, सोफा मात्र कोरडा असतो.